अण्णा उतेकर आणि माझ्या गाडीची मिसिंग

अण्णा उतेकरांना गाडीचा आवाज ऐकवून भागत नाही. तो तोंडाने काढून दाखवावा लागतो. समोर ट्रक घरघरत उभा असला तरी अण्णा ट्रकाकडे ढुंकून बघत नाहीत, ट्रकवाल्यासमोर उभे राहतात, त्याच्या तोंडाकडे रोखून बघतात आणि म्हणतात, “करून दाखव.” मग तो मिशाळ ट्रकवाला भर रस्त्यात “घर्र, घर्र, टक्” असं करतो. महाडच्या बाजारात हे दृश्य पाहून कोणी हसत नाही, हे त्याहून विशेष.

माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा मी महाडात नवीन होतो. सांगलीहून बँकेतल्या बदलीवर आलेलो. गल्लीत माझी ओळख ‘बँकेचे साहेब’ एवढीच होती आणि मला ती पुरेशी वाटत होती. सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडून आत बघत उभा होतो. आत बघून मला काही कळतं असं नाही, पण गाडी बिघडली की पुरुषाने बॉनेट उघडून बघायचं असतं, म्हणून बघत होतो. शेजारच्या ओट्यावरून अण्णा उतरले. उंच, काटक अंग, खाकी पँट, वर बंडी, खांद्यावर टॉवेल.

“काय करते?”

“काल पोलादपूरहून येताना झटके देत होती. आज बरी आहे.”

“आवाज?”

“बदलतो मधेच.”

“करून दाखव.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अण्णांनी पुन्हा सांगितलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, “फट्, फट्, फुस्, फट्.”

“फुस् आधी की फट् आधी?”

“फट् आधी. मग फुस्.”

“तोंड उघडून कर. सायेब असलास म्हणून काय झालं?”

मी तोंड उघडून केलं. नेमके त्याच वेळी आमच्या शाखेतले एक जुने खातेदार सायकलवरून गेले आणि “नमस्कार साहेब” म्हणून गेले. मी फट् आणि फुस्च्या मधे नमस्कार केला.

अण्णांनी मान डोलावली. “मिसिंग हाय,” ते म्हणाले. “चार सिलिंडरांतला एक मधेच कामावर येत नाय. पण का येत नाय ते समोर आल्याबिगर सांगता यायचं नाय. समोर आली पाहिजे.”

‘समोर आली पाहिजे’ हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग. मिसिंगला ते ‘ती’ म्हणत, आणि अशा सुरात म्हणत की ती कोणी गावात फिरणारी लबाड बाई असावी आणि मी तिला घरात लपवलेलं असावं.

अण्णा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मूळचे पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीचे. ज्या रस्त्यांवर मी गाडी पहिल्या गियरमध्ये घालून देवाचं नाव घेतो, त्या रस्त्यांवर त्यांनी आयुष्यभर भरलेली एसटी चालवली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सविता नावाची एकच मुलगी, लग्न होऊन डोंबिवलीला. घरात अण्णा एकटे. स्वयंपाक स्वतः करत, आणि आवडीने करत.

माणूस थोर, पण मला त्यांचं काही केल्या कळत नसे. रस्त्याने चालताना ते दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघत. मी म्हटलं, ड्रायव्हरची सवय. आरसा गेला, मान राहिली. माझी बायको मेधा एकदा त्यांच्या ओट्यावर वाटी घेऊन गेली आणि पदार्थावरचं झाकण काढता काढता, खाली बघत म्हणाली, “अण्णा, तुम्हाला पुरणपोळी आवडते का?” अण्णा म्हणाले, “डोंबिवलीला असते.” मेधा वाटी ठेवून परत आली आणि मला म्हणाली, “अण्णा फार खोल माणूस आहेत.” मलाही तसंच वाटलं. मी त्या उत्तराचा अर्थ बँकेत बसून लावत होतो.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. मी ती सांगलीतल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली, जुनी, पेट्रोलवर चालणारी. विकताना सहकारी म्हणाला होता, “गाडीला काहीही झालेलं नाही.” ते खरं होतं. जे व्हायचं ते महाडला आल्यावर झालं. गाडी दहा वेळा शहाण्यासारखी चाले आणि अकराव्या वेळी मधेच ठोका चुकवे. थरथरे, एक बार काढल्यासारखा आवाज करे आणि पुन्हा काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जाई. मेधा शिकवायची ती शाळा पोलादपूरच्या पुढे होती आणि आठवड्यातून काही दिवस ती गाडी घेऊन जाई. एकदा चढावर मागे एक लोडेड ट्रक असताना गाडीने असा झटका दिला की मेधा घरी येऊन म्हणाली, “एक तर ही गाडी नीट कर, नाहीतर मी सांगलीला बदली मागते.” त्या दिवसापासून मिसिंग हा आमच्या संसाराचा प्रश्न झाला.

बिरवाडीला रफिकभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी प्लग साफ केले. मग प्लग बदलले. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलचा फिल्टर बदलला, मग कॉइल बदलली. प्रत्येक वेळी गाडी नीट झाली आणि प्रत्येक वेळी दोनचार दिवसांनी तिने पुन्हा फुस् केलं. गॅरेजच्या दारात मात्र ती कधीच काही करायची नाही. रफिकभाई एक्सिलेटर देत, इंजीन भजन म्हटल्यासारखं एकसुरी वाजे आणि रफिकभाई माझ्याकडे बघत. डॉक्टर ज्या नजरेने शाळा बुडवणाऱ्या पोराकडे बघतात तीच नजर.

शेवटी अण्णांनी प्रकरण हातात घेतलं. त्यांची पद्धत साधी होती. मी गाडी चालवायची, त्यांनी शेजारी बसायचं आणि मिसिंग समोर येण्याची वाट बघायची. मी पहिल्याच दिवशी किल्ली पुढे करून म्हटलं, “अण्णा, तुम्हीच चालवा ना. तुमच्या हातात तिला लपता येणार नाही.” अण्णांनी किल्लीकडे असं पाहिलं की मी ती मागे घेतली.

“तुझी गाडी हाय. तू चालव.”

जन्मभर स्टेअरिंग धरलेला माणूस स्टेअरिंगला हात का लावत नाही, हे मला कळलं नाही. न कळलेल्या गोष्टींच्या रांगेत मी तीही उभी केली.

मग आम्ही फिरू लागलो. रविवारी सकाळी नाते गावापर्यंत. गाडी उत्तम. सुट्टीच्या दिवशी पोलादपूर. उत्तम. बिरवाडीपर्यंत जाऊन परत, उत्तम. अण्णा शेजारी बसून डॅशबोर्डवर तळहात ठेवत आणि सारखे सांगत, “हळू. घाई कशाला? हळू.” चढ आला की आणखी हळू. आमच्या गाडीला बैलगाडीने मागे टाकलं नाही ते केवळ त्या रस्त्यावर बैलगाडी नव्हती म्हणून. परत आलो की ओट्यावर चौकशी सुरू होई.

“परवा केली तेव्हा पेट्रोल कुठलं होतं?”

“पोलादपूरचं.”

“आणि सकाळी की दुपारी?”

“दुपारी.”

“ऊन होतं?”

“होतं.”

“मग ऊन नाय. त्याच्या आधी केली तेव्हा ढग होतं.” अण्णा क्षणभर डोळे मिटून घेत, मग उघडून विचारत, “तू कुठल्या विचारात होतास?”

“त्याचा काय संबंध अण्णा?”

“गाडीला कळतं.”

एका रविवारी त्यांचं मत पडलं की पेट्रोलच्या टाकीत पाणी आहे. पुढच्या रविवारी उंदराने वायर कुरतडली आहे. आम्ही उंदीर शोधला, उंदीर नव्हता. मग ते म्हणाले की गाडीला सांगलीची सपाट जमीन आठवते. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी तेही रफिकभाईंना जाऊन सांगितलं. रफिकभाई नुसते “हां” म्हणाले.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट मला गोंधळात टाकत होती. सविता रोज संध्याकाळी मेधाला फोन करी. “अण्णा जेवले का? खोकला कसा आहे?” सुरुवातीला मेधाला वाटलं, अण्णांकडे फोन नसेल. फोन होता. खिशात असायचा. पण तो वाजला की अण्णा बघत, आणि पुन्हा खिशात टाकत. मेधाने आपला फोन त्यांच्यापुढे धरला तर हात हलवत, “तूच बोल बाय. इथं नेटवर्क नाय.” मेधाच्या फोनवर नेटवर्कच्या सगळ्या रेघा उभ्या असत.

एकदा सविताने मेधाला सांगितलं. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं, अण्णांच्या मनाविरुद्ध. तेव्हा ते फार चिडले होते. नंतर जावयाशी बोलायला लागले, येणंजाणं सुरू झालं, सगळं ठीक झालं असं तिला वाटलं. आणि मग काही वर्षांपूर्वी त्यांनी फोन घेणंच बंद केलं. गावी आली तर बाप इकडच्या तिकडच्या कामात असतो, धड उत्तर देत नाही. “राग आत राहिला असणार,” ती म्हणाली. “वय वाढलं की वर येतो म्हणतात.”

अण्णांसारखा माणूस इतका राग धरून बसेल हे मला पटेना. पण माझ्या गाडीबद्दल तरी मला कुठे काय पटत होतं.

मग आम्ही शिवथरला गेलो. अण्णांचं म्हणणं होतं की घळीच्या वाटेवरचा चढ तिला सोसणार नाही, तिथे ती नक्की समोर येईल. बिरवाडी सोडली, खोरं सुरू झालं. रस्त्याचं काम चालू होतं, खड्ड्यांना मोजदाद नव्हती. नेहमीप्रमाणे अण्णा “हळू, हळू” करत होते. चढाला लागल्यावर मात्र माझा संयम संपला. इतक्या रविवारांचा वैताग पायात उतरला आणि मी एक्सिलेटर दाबला.

आणि ती समोर आली.

गाडी थरथरली, फुस् झालं, पुन्हा थरथरली आणि मागून असा बार निघाला की रस्त्याकडेला चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या दोन बायका दचकून बाजूला झाल्या आणि मग हसत सुटल्या. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी अण्णांकडे वळलो.

अण्णा खिडकीतून खोऱ्याकडे बघत होते. चेहरा शांत.

“बघ,” ते म्हणाले, “माझ्यासमोर करीत नाय ती. कशी गप चालली हाय.”

गाडीने पुन्हा एक बार काढला.

“रस्ता खराब,” अण्णा म्हणाले. “धक्के बसतात.”

मी पाय काढला. गाडी गप्प झाली. प्रथम वाटलं, चेष्टा करतायत. मग वाटलं, मीच भ्रमात आहे. आवाज माझ्याच डोक्यात होतो की काय. पण म्हशींनी माना वर केल्या होत्या, आणि म्हशी काही माझ्या डोक्यात नव्हत्या.

परतताना बिरवाडीला रफिकभाईंकडे थांबलो. अण्णा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. ते पाठमोरे चालत होते. मी गाडीजवळून हाक मारली, “अण्णा!” ते चालत राहिले. मी जोरात मारली. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, गॅरेजातल्या दोघांनी पाहिलं, अण्णांनी नाही. मग त्यांनी आपली ती सवयीची मान मागे वळवली, मी हात वर केलेला त्यांना दिसला आणि तेही हात वर करून हसले.

मी रफिकभाईंकडे वळलो. ते हात पुसत होते.

“साहेब, तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“अख्ख्या महाडला ठाऊक हाय. एसटीच्या त्या जुन्या गाड्यांत इंजीन ड्रायव्हरच्या बाजूलाच असायचं. कानाशी. आधी डावा कान गेला, मग उजवा. त्यांनीच डेपोत जाऊन सांगितलेलं, मला गाडीवरनं उतरवा, डोळे दुखतात म्हणून. मागचा हॉर्न ऐकू येईना, आणि पाठीमागं माणसं भरलेली. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत स्वतःच उतरले. तवापासून स्टेअरिंगला हात लावला नाय.”

“मग कोणी काही बोललं कसं नाही?”

“त्यांनी सांगितलं नाय, मग आम्ही कसं बोलायचं?” रफिकभाई म्हणाले. “करून दाखव म्हणाले की करून दाखवायचं. त्यांना तोंड बघून कळतं सगळं.”

अण्णा चहाचे ग्लास घेऊन आले. मी ग्लास घेतला. काय बोलावं ते सुचेना, आणि काही बोलायचं झालं तर त्यांच्याकडे तोंड करून बोलावं लागेल हे लक्षात आल्यावर तर अजिबातच सुचेना.

घरी येऊन मेधाला सांगितलं. ती आधी पुरणपोळीचं आठवून हसली, मग हसता हसता थांबली.

“म्हणजे ते सवितावर रागावलेले नाहीतच,” ती म्हणाली. “त्यांना फोनवर ऐकूच येत नाही.”

“मग सांगत का नाहीत?”

“विचार जाऊन.”

“मी?”

“गाडी तुझी आहे,” मेधा म्हणाली. याचा त्याच्याशी काय संबंध ते मला अजूनही कळलेलं नाही, पण मी गेलो.

अण्णा ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. मी त्यांच्या समोर बसलो, नीट समोर, आणि म्हणालो, “अण्णा, शिवथरला गाडीने मिसिंग केली होती. दोनदा. मोठा आवाज झाला.”

त्यांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वालाकडे. एक वाल सोलला, दुसरा सोलला.

“म्हशी बिचकल्या व्हय,” ते म्हणाले. “ते बघितलं मी. म्हटलं, ह्या कशाला बिचकतात?”

“सविताला का नाही सांगत?”

“नेटवर्क नाय,” ते म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं. सालं एका बाजूला सारत त्यांनी सावकाश सांगितलं, “सायेब, तिच्या दोन खोल्या हायेत. त्यात सासू, सासरा, दोन पोरं. नोकरीला जाते सकाळची. बाप भयरा झाला म्हटला की उद्या इथं येऊन उभी राहील. मला घेऊन जाईल, नायतर नोकरी सोडून इथं बसंल. तशीच हाय ती, हट्टी. रागावलेल्या बापाला कोण न्यायला येत नाय. राग कवाच गेला. पण तिला वाटत होता, तर म्हटलं असू दे.”

अण्णांनी वालाची परात उचलून आत ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओटा उतरले.

“चल. बॉनेट उघड.”

“आता?”

“मग कवा? आता तुला ठाऊक झालं, मला कान लावून बसायचं सोंग नको. डोळं हायेत माझं.”

मी गाडीत बसलो. त्यांनी सांगितल्याप्रमाणे हँडब्रेक घट्ट ओढला, पहिला गियर टाकला, क्लच अर्धा सोडून जोरात एक्सिलेटर दिला. अण्णा बाजूला वाकून आत बघत होते. इंजीन जागचं उठलं. खुर्चीतून कोणी अर्धवट उठून पुन्हा बसावं तसं. आणि उठलं तेव्हा थरथरून फुस् झालं. मी पाय काढला, इंजीन बसलं, मिसिंग थांबली.

“पुन्हा,” अण्णा ओरडले. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मेधाही दारात येऊन उभी राहिली.

इंजीन ज्या रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, ज्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात, त्यातला एक फाटला होता. चढावर जोर पडला की इंजीन उचललं जाई, आणि त्याबरोबर प्लगची एक वायर ताणली जाई. वायर वरून धडधाकट होती, आतली तार तुटलेली. ताणली की तारेची टोकं सुटत, सैल पडली की पुन्हा चिकटत. गॅरेजात गाडी गियर न टाकता जागेवर उभी असल्याने आणि अण्णा शेजारी बसून “हळू, हळू” करत असल्याने तिला ताणायची पाळीच येत नव्हती.

“म्हणजे तुम्हीच तिला लपवत होता,” मी तोंड नीट उघडून म्हणालो.

अण्णा हसले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, “समोर होती रे. मी ऐकत बसलो.”

मेधा पायऱ्या उतरून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“अण्णा, सविता मला रोज फोन करते. शेवटी काय विचारते ठाऊक आहे?”

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

“विचारते, अण्णा अजून रागावलेत का?”

“रोज?”

“रोज.”

“मला वाटलं, सवय झाली असंल तिला,” अण्णा म्हणाले. बॉनेट त्यांनी स्वतःच खाली घेतलं, हळूच दाबून लावलं आणि घरात गेले. त्या संध्याकाळी ओट्यावर दिसले नाहीत.

रफिकभाईंनी फाउंडेशन आणि वायर बदलली. मेधा एकटीच गाडी घेऊन पोलादपूरच्या चढावर जाऊन आली आणि येताना मिठाई घेऊन आली. मिठाईचा पुडा द्यायला आम्ही अण्णांकडे गेलो, तेव्हा ते आमच्या आधीच बोलले.

“बाय, तिला फोन लाव. ये म्हणावं. बाकी काय सांगू नको. मी सांगंन.”

सविता दुपारच्या गाडीने वीर स्टेशनला उतरली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर माझ्याआधी पोचले होते, म्हणजे गाडीतून उतरून माझ्यापुढे धावले होते. ती पाया पडली, काहीतरी बोलली, त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून “बरा हाय” म्हटलं. त्यांना सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. पण हमाल, गर्दी, बॅग, रिक्षावाले, आणि ती हमालाशी बोलण्यात. सांगणं राहिलं. अण्णा सवयीने माझ्या शेजारी पुढे बसले. सविता मागे.

महामार्गाला लागलो तसं ती मागून म्हणाली, “अण्णा, गुडघा कसा आहे हो?”

अण्णा समोर रस्त्याकडे बघत होते.

“अण्णा, पोरांनी तुमच्यासाठी चित्र काढून दिलंय.”

‘मी सांगंन’ असं अण्णांनी बजावलं होतं, म्हणून मी तोंड मिटून गाडी चालवत राहिलो. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत बसली. मग ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघू लागली.

आणि अण्णांनी त्याच आरशात ते पाहिलं असावं.

“गाडी थांबव,” ते म्हणाले.

मला वाटलं, पुन्हा मिसिंग. मी कडेला घेतली. अण्णा उतरले, मागचं दार उघडलं.

“सरक गो.”

ती गोंधळून सरकली. ते आत बसले, सीटवर आडवे वळून, गुडघा वर घेऊन, थेट तिच्यासमोर.

“आता बोल,” ते म्हणाले. “पाठीमागनं बोललेलं मला कळत नाय. ऐकू येत नाय मला. फोनवर तर अजिबात नाय. तोंड दिसलं की कळतं.”

“कधीपासून?”

“लय झालं.”

“आणि राग?”

“राग कसला? काय नाय राग.”

ती बापाच्या शर्टाची बाही दोन्ही हातांनी धरून नुसती बघत राहिली. अण्णा तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत होते. मग ती बोलू लागली, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. मी त्यांच्यात नको म्हणून आरसा छताकडे वळवला आणि गाडी रस्त्यावर घेऊ लागलो.

“आरसा सरळ कर रे!” मागून अण्णा ओरडले. “ट्रक येतोय मागनं. दिसत नाय का?”

मी करकचून ब्रेक दाबला. मागच्या काचेत खरंच ट्रक होता. मोठा हॉर्न देत तो आम्हाला घासून पुढे गेला. मी आरसा सरळ केला. हॉर्न लांब जाईपर्यंत सविता थांबली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

“थांबलीस का? बोल ना.”

आणि ती तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.